जर्मन छायालेखक जोसेफ विर्शिंग

चित्रपटगृहात अंधार होतो आणि पडद्यावर नावे सरकू लागतात. नायक, नायिका, गायक, संगीतकार यांची नावे आपण ओळखतो. त्यानंतर येणारी नावे बहुतेक प्रेक्षक वाचतही नाहीत. त्यांतच एक नाव छायालेखकाचे असते. कॅमेरा कोठे ठेवायचा, दिवा कोणत्या बाजूने लावायचा, चेहऱ्याचा कोणता भाग उजेडात आणि कोणता सावलीत ठेवायचा, हे ठरवणारा तो माणूस. आपण पडद्यावर जे पाहतो, ते त्याने आपल्याआधी पाहिलेले असते.

हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सुमारे साडेतीन दशके असेच एक नाव येत राहिले. ‘अछूत कन्या’त ते होते, ‘महल’मध्ये होते आणि ‘पाकीजा’तही होते. ते नाव जोसेफ विर्शिंग. हा गृहस्थ जर्मन होता. ऐन तारुण्यात तो एका चित्रपटाच्या निमित्ताने भारतात आला, पुन्हा आला, येथेच त्याने तुरुंगवासासारखी वर्षे काढली आणि अखेर मुंबईतच देह ठेवला.

जर्मन माणसे महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नव्हती. एकोणिसाव्या शतकात पुण्यात संस्कृत शिकवण्यासाठी मार्टिन हाउग आले होते. त्यांच्यानंतर १८६६ पासून १८८१ पर्यंत फ्रान्झ कीलहॉर्न यांनी डेक्कन कॉलेजात अध्यापन केले आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हे विद्वान येथे आले, शिकले, शिकवून गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी आपल्या देशात घालवले. हाउग परतले ते म्यूनिक शहरात. तेथील विद्यापीठात ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. त्याच म्यूनिकमध्ये २२ मार्च १९०३ रोजी जोसेफ विर्शिंग यांचा जन्म झाला. त्यांच्या हाती मात्र पोथी नव्हती, कॅमेरा होता. आणि कीलहॉर्न किंवा हाउग यांच्याप्रमाणे ते परत गेले नाहीत.

विर्शिंग अकरा वर्षांचे असताना पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पंधरा वर्षांचे असताना जर्मनीचा पराभव होऊन ते संपले. नंतरची वर्षे त्या देशाला फार कठीण गेली. चलन इतके घसरले, की सकाळच्या पैशांत संध्याकाळी पाव मिळेनासा झाला. आश्चर्य असे, की याच हलाखीच्या काळात जर्मन चित्रपट जगात अग्रेसर ठरला. भव्य देखावे उभारण्यापेक्षा तेथील कलावंतांनी अंधार आणि सावली यांचा आधार घेतला. जिन्यावर पडलेली लांबच लांब सावली, अर्ध्याच उजळलेल्या चेहऱ्यातून दिसणारे भय, वाकड्या खिडकीतून येणारा एक कवडसा, अशा साधनांनी मनातील खळबळ पडद्यावर आणण्याची रीत त्यांनी घडवली.

म्यूनिकजवळ गायझेलगास्टाइग येथे एमेल्का या कंपनीचा स्टुडिओ होता. विर्शिंग विशीतच तेथे कॅमेऱ्याच्या कामाला लागले. पुढे जगप्रसिद्ध झालेले इंग्रज दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनीही आपल्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांचे काम याच कंपनीसाठी केले, यावरून त्या स्टुडिओचे त्या काळातील स्थान लक्षात यावे.

या कंपनीकडे हिमांशू राय नावाचे एक बंगाली तरुण आले. ते कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले होते, पण त्यांचे मन नाटकात आणि चित्रपटात रमले. भगवान बुद्धांच्या जीवनावर चित्रपट काढावा, तो भारतात चित्रित व्हावा, त्यात भारतीय नटनटी असाव्यात आणि तंत्रज्ञ जर्मनीतून यावेत, अशी त्यांची योजना होती. एमेल्काने ती मान्य केली. दिग्दर्शन फ्रान्झ ओस्टेन यांच्याकडे आले. त्यांच्यासोबत जी लहानशी तुकडी १९२५ साली समुद्रमार्गे भारताकडे निघाली, तिच्यात बावीस वर्षांचे विर्शिंग होते.

‘प्रेम संन्यास’ या नावाने भारतात दाखवल्या गेलेल्या या मूकपटाची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. त्यात स्टुडिओतील देखावे नव्हते आणि कृत्रिम दिवेही नव्हते. जयपूरच्या महाराजांनी आपले हत्ती, घोडे, वाडे आणि माणसे वापरू दिली होती. त्यामुळे चित्रीकरण व्हायचे ते उघड्यावर, सूर्याच्या उजेडात. म्यूनिकच्या तरुणाला हा सूर्य नवा होता. बव्हेरियातील मंद, ढगाळ उजेडात डोळे तयार झालेले. राजस्थानात मात्र दुपारी कपाळाखाली काळी सावली पडते, डोळ्यांच्या खोबणी दिसेनाशा होतात आणि पांढरी भिंत कॅमेऱ्याला आंधळे करते. अशा वेळी छायालेखकाला उजेड आणावा लागत नाही, उजेडाला आवर घालावा लागतो. चमकत्या फळ्या धरून प्रकाश परतवायचा, चेहऱ्यावर तो हलकेच टाकायचा, सकाळची आणि उतरत्या उन्हाची वेळ साधायची. भारतीय चेहरे, भारतीय वस्त्रे आणि भारतीय ऊन यांची विर्शिंग यांना झालेली ही पहिली ओळख. चित्रपट युरोपात गाजला. काम संपवून तुकडी मायदेशी परतली.

पुढील नऊ वर्षांत पुष्कळ काही बदलले. मुख्य म्हणजे चित्रपट बोलू लागला. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत झळकला आणि १९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणला. हिमांशू राय यांनी या काळात देविका राणी यांच्याशी विवाह केला. दोघांनी बर्लिनच्या स्टुडिओत चित्रपटकलेचे धडे घेतले. परदेशात भांडवल मिळवून चित्रपट काढणे जसजसे अवघड होत गेले, तसतसा भारतातच एक परिपूर्ण स्टुडिओ उभारावा हा विचार राय यांच्या मनात पक्का झाला. इकडे जर्मनीत जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला होता.

१९३४ साली मुंबईच्या उत्तरेस मालाड येथे ‘बॉम्बे टॉकीज’ सुरू झाली. आज मालाडची गर्दी पाहणाऱ्याला खरे वाटणार नाही, पण तेव्हा ते शहराबाहेरचे, झाडीत वसलेले गाव होते. प्रख्यात पारशी वित्तव्यवहारतज्ज्ञ एफ. ई. दिनशॉ यांच्या बंगल्याच्या परिसरात हा स्टुडिओ उभा राहिला. राय यांनी आपल्या जुन्या जर्मन सहकाऱ्यांना पुन्हा बोलावले. ओस्टेन दिग्दर्शनासाठी आले, कार्ल फॉन स्प्रेटी नेपथ्यासाठी आले, विल्हेल्म झोले रसायनशाळेसाठी आले आणि कॅमेऱ्यासाठी विर्शिंग आले. त्यांचे वय तेव्हा एकतीस होते.

त्या काळी चित्रपटाचा धंदा बेभरवशाचा समजला जाई. पैसा आज आहे, उद्या नाही, असा प्रकार असे. बॉम्बे टॉकीज मात्र रीतसर नोंदलेली, भागधारक असलेली कंपनी होती. तेथे कामाच्या वेळा ठरलेल्या होत्या. फिल्म धुण्याची रसायनशाळा आवारातच होती. सुशिक्षित तरुणांना शिकाऊ म्हणून घेतले जाई आणि सर्व जातिधर्मांची माणसे एकत्र जेवत. समाजाच्या कल्पनांशी झगडा तर पहिल्याच चित्रपटापासून सुरू झाला. ‘जवानी की हवा’ या १९३५ मधील चित्रपटासाठी संगीत देणाऱ्या सरस्वती देवी या पारशी घराण्यातील होत्या. आपल्या समाजातील स्त्रीने चित्रपटात यावे, हे काही पारशी मंडळींना रुचले नाही आणि मोठा विरोध झाला. कंपनी बधली नाही. चित्रपट प्रदर्शित झाला आणि सरस्वती देवी पुढेही संगीत देत राहिल्या.

येथे एका गोष्टीचे नवल वाटते. ओस्टेन यांना हिंदी येत नव्हती. संवाद कोणी तरी समजावून सांगे, तेव्हा त्यांना प्रसंगाचा अर्थ कळे. ज्या भाषेत नट बोलत आहेत, ती भाषा दिग्दर्शकाला परकी, आणि तरीही चित्रपट भारतीय प्रेक्षकांच्या हृदयाला भिडले. याचे श्रेय कथाकारांना आहे, नटांना आहे, गीतांना आहे. प्रस्तुत लेखिकेच्या मते त्यातील मोठा वाटा विर्शिंग यांच्या कॅमेऱ्यालाही दिला पाहिजे. शब्द न कळणाऱ्या माणसाचे लक्ष चेहऱ्यावर अधिक असते.

१९३६ सालचा ‘अछूत कन्या’ पाहिला म्हणजे हे पटते. कस्तुरी ही रेल्वेच्या फाटकावरील चौकीदाराची मुलगी, अस्पृश्य मानलेल्या जातीतील. प्रताप हा ब्राह्मणाचा मुलगा. दोघे लहानपणापासून एकमेकांवर जीव लावतात, पण गाव त्यांना एकत्र येऊ देत नाही आणि शेवटी कस्तुरीचा बळी जातो. पुणे करार होऊन अवघी चार वर्षे झाली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, त्याला वर्षही पुरे झाले नव्हते. अशा काळात हा विषय पडद्यावर आला. आजच्या दृष्टीने पाहता कथेत उणिवा दिसतात. कस्तुरीच्या वाट्याला त्याग येतो, न्याय येत नाही. उंची साडी आणि कोरलेल्या भुवया यांमुळे देविका राणी खेड्यातील मुलगी वाटत नाहीत, ही टीकाही रास्त आहे.

असे असले, तरी कॅमेऱ्याने जे केले ते विसरता येत नाही. त्या काळी चेहरा उजळण्याची रूढ पद्धत म्हणजे समोरून भरपूर दिवे लावणे. त्यामुळे सगळे स्पष्ट दिसे, पण चेहरा थाळीसारखा सपाट होई. विर्शिंग मुख्य दिवा एका बाजूला ठेवत. दुसऱ्या बाजूला मंद प्रकाश सोडत, म्हणजे सावली अगदी काळी पडत नसे. तिसरा दिवा मागून, थोडा उंचावरून येई. त्यामुळे केसांच्या कडेला उजेडाची बारीक रेघ उमटे आणि माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा उठून दिसे. ही युक्ती जर्मनीत आणि अमेरिकेत सरावाची होती. भारतीय स्टुडिओत ती इतक्या सातत्याने आणि कौशल्याने वापरणाऱ्यांमध्ये विर्शिंग अग्रणी होते.

या चित्रपटातील नायक अशोक कुमार मध्य प्रांतातील खांडव्याचे. जबलपूरहून मुंबईकडे जाणारी गाडी आजही खांडव्यावरून जाते. ते बॉम्बे टॉकीजमध्ये आले ते रसायनशाळेतील साहाय्यक म्हणून. ‘जीवन नैया’ या चित्रपटाचा नायक अचानक निघून गेल्यामुळे हिमांशू राय यांनी या लाजऱ्या तरुणाला कॅमेऱ्यापुढे उभे केले. रसायनशाळेत फिल्म धुणारा मुलगा आणि ती फिल्म चित्रित करणारा जर्मन, ही जुनी ओळख पुढे विर्शिंग यांच्या आयुष्याला कलाटणी देणार होती. त्याकडे आपण येऊच.

१९३५ ते १९३९ या काळात बॉम्बे टॉकीजने वर्षाला तीन-चार चित्रपट काढले. ‘जन्मभूमी’, ‘इज्जत’, ‘सावित्री’, ‘भाभी’, ‘निर्मला’, ‘दुर्गा’ अशी ती मालिका होती आणि तिचा दृश्य चेहरा विर्शिंग यांनी घडवला. कामातून सवड मिळे तेव्हा ते लायका नावाच्या लहान कॅमेऱ्याने छायाचित्रेही टिपत. रंगभूषा करून घेणारी नटी, फळी धरून उन्हात उभा असलेला मजूर, दिव्यांच्या तारा ओढणारी मुले, झाडाखाली विसावलेले कलावंत असे विषय त्यांत असत. चित्रपटाच्या पडद्यावर या माणसांना जागा नव्हती. विर्शिंग यांनी त्यांना आपल्या लहान कॅमेऱ्यात जागा दिली.

१९३९ साल उजाडले. मार्च महिन्यात जबलपूरजवळ त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले असताना आले होते. युरोपवर युद्धाचे सावट आहे, ही संधी साधून इंग्रज सरकारला मुदत घालून स्वातंत्र्याची मागणी करावी, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. युद्ध मात्र पुढच्या सहा महिन्यांतच आले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. भारतीयांना न विचारता व्हाइसरॉयने भारतालाही त्या युद्धात ओढले.

त्या एका दिवसात भारतात राहणारा प्रत्येक जर्मन माणूस शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. मालाडला तेव्हा ‘कंगन’चे काम चालू होते. आपल्या लीला चिटणीस त्यात नायिका होत्या, अशोक कुमार नायक होते. पोलीस आले आणि ओस्टेन, विर्शिंग व त्यांचे जर्मन सहकारी यांना घेऊन गेले. राहिलेला चित्रपट येथील मंडळींनी पुरा केला.

सरकारचा संशय सर्वस्वी निराधार होता, असे म्हणता येत नाही. ओस्टेन हे १९३६ पासून नाझी पक्षाचे सदस्य होते. पण सरसकट धरपकडीत माणसाची पारख होत नाही. हिटलरच्या छळामुळे घरदार सोडून आलेले कित्येक ज्यूसुद्धा जर्मन पारपत्रामुळे अटकेत गेले. त्यांतील अनेकांना पुढे चौकशी समितीने सोडले. ओस्टेन यांचे वय साठीच्या पुढे होते. त्यांना १९४० मध्ये मायदेशी जाण्याची परवानगी मिळाली. छत्तीस वर्षांचे विर्शिंग मात्र स्थानबद्धच राहिले.

जर्मन स्थानबद्धांना प्रथम अहमदनगर येथे ठेवण्यात आले. १९४१ मध्ये त्यांना तेथून देवळालीला आणि पुढे डेहराडूनला हलवण्यात आले. सातारा आणि पुरंदर येथेही अशा लोकांच्या वसाहती होत्या. तेथे कुटुंबांना राहता येई. अहमदनगरला ही गोष्ट नवी नव्हती. पहिल्या महायुद्धातही तेथे जर्मन कैदी होते. १९४२ च्या आंदोलनानंतर तर नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना तेथील किल्ल्यात डांबण्यात आले आणि नेहरूंनी भारताच्या शोधाविषयीचा आपला ग्रंथ तेथेच लिहिला. सरकारला परके वाटणारे जर्मन आणि सरकारला नकोसे झालेले भारतीय, या दोघांसाठीही त्या गावाचा उपयोग झाला, हा इतिहासातील एक विलक्षण योग आहे.

स्थानबद्धता म्हणजे सक्तमजुरी नव्हे. छावणीत पुस्तके असत, खेळ असत, नाटके बसवली जात. पण सभोवती काटेरी तार होती आणि शिक्षेची मुदत कोणालाच ठाऊक नव्हती. चोराला किती वर्षे भोगायची ते माहीत असते. स्थानबद्धाला युद्ध संपण्याची वाट पाहावी लागते. छायालेखकाच्या हातात बळ आणि नजरेत अनुभव असतो, तीच वर्षे विर्शिंग यांनी तारेआड घालवली.

मालाडलाही बरेच काही घडले. जर्मन तंत्रज्ञ गेल्यामुळे हिमांशू राय यांच्यावर कामाचा असह्य भार पडला आणि मे १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. स्टुडिओ बंद पडेल असे पुष्कळांना वाटले. तसे झाले नाही. विर्शिंग यांच्या हाताखाली तयार झालेल्या साहाय्यकांनी कॅमेरा हाती घेतला. त्यांपैकी आर. डी. परींजा यांनी चित्रित केलेला ‘किस्मत’ १९४३ साली आला आणि कलकत्त्याच्या एकाच चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. गुरू तारेआड असताना शिष्यांनी मिळवलेले हे यश होते. छावणीतील विर्शिंग यांना त्याने आनंद झाला असेल, की आपल्यावाचून काही अडले नाही याची सल लागली असेल? दोन्ही भावना माणसाला शोभतील.

१९४५ मध्ये युद्ध संपले. लगेच सुटका झाली नाही. १९४६ च्या अखेरीस स्थानबद्ध जर्मनांपैकी बहुतेकांना जहाजात बसवून परत पाठवण्यात आले. ज्या जर्मनीत ते उतरले, ती ओळखू येण्यासारखी उरली नव्हती. विर्शिंग यांचे म्यूनिकही बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाले होते. इकडे हिंदुस्थान स्वतंत्र होत होता. ज्या सरकारने विर्शिंग यांना पकडले होते, तेच सरकार येथून गाशा गुंडाळत होते. विर्शिंग मुंबईतच राहिले. जेथे सात-आठ वर्षांपूर्वी त्यांना पोलीस घेऊन गेले होते, त्याच मालाडच्या स्टुडिओत ते कॅमेऱ्याजवळ पुन्हा उभे राहिले.

देविका राणी तोवर चित्रपटातून निवृत्त झाल्या होत्या. आता स्टुडिओची सूत्रे सावक वाच्छा आणि अशोक कुमार यांच्याकडे होती. रसायनशाळेतील तो जुना मुलगा आता मालक झाला होता. त्याने विर्शिंग यांच्यावर ‘महल’ या चित्रपटाची जबाबदारी सोपवली. दिग्दर्शक कमाल अमरोही यांचा हा पहिलाच चित्रपट.

१९४९ चा ‘महल’ हा विर्शिंग यांच्या कलेचा कळस मानला तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. एक ओसाड वाडा, त्यात रात्री येऊन पोहोचलेला नवा मालक, भिंतीवर स्वतःसारख्याच दिसणाऱ्या माणसाचे जुने चित्र, दूरवर झोपाळ्यावर बसलेली आणि जवळ जाताच नाहीशी होणारी स्त्री. अशी कथा पडद्यावर सहज हास्यास्पद ठरू शकते. विर्शिंग यांनी ती अंधाराच्या बळावर पेलली. वाड्याचा बहुतेक भाग ते दाखवतच नाहीत. एक हंडी, एक मेणबत्ती, खांबाची लांब सावली, धुक्यातून सरकणारी नाव एवढ्यावर भागवतात. तारुण्यात म्यूनिकला पाहिलेल्या सावल्या आणि मालाडला शिकलेले भारतीय चेहरे येथे एकत्र आले. सोळा वर्षांच्या मधुबाला या चित्रपटाने प्रथम श्रेणीच्या तारका झाल्या. लता मंगेशकर यांचे त्यातील गाणे घराघरांत पोहोचले. गंमत अशी, की त्या गाण्याच्या तबकडीवर प्रथम गायिकेचे नाव नव्हते, पात्राचे नाव छापलेले होते. प्रेक्षकांनी आकाशवाणीकडे चौकशी केली, तेव्हा लताबाईंचे नाव त्यांना कळले. वाड्यातील अंधार कोणी रंगवला, ही चौकशी मात्र कोणी केली नाही.

बॉम्बे टॉकीज यानंतर फार काळ टिकली नाही. कर्ज आणि मतभेद वाढत गेले आणि १९५०च्या दशकाच्या मध्याला ती बंद पडली. विर्शिंग आता कमाल अमरोही यांच्याबरोबर काम करू लागले. १९६० मध्ये आलेला ‘दिल अपना और प्रीत पराई’ हा रुग्णालयाच्या पार्श्वभूमीवरील चित्रपट त्यांनीच चित्रित केला. त्याचे दिग्दर्शक किशोर साहू नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी १९३७ साली ‘जीवन प्रभात’मध्ये प्रथम अभिनय केला, तेव्हाही कॅमेऱ्यामागे विर्शिंगच होते.

त्याआधीच, १९५६ च्या सुमारास, ‘पाकीजा’ची सुरुवात झाली होती. लखनौच्या एका नर्तकीची ही कथा. नायिका मीना कुमारी या कमाल अमरोही यांच्या पत्नी. चित्रपट प्रथम कृष्णधवल रंगांत सुरू झाला. मग रंगीत चित्रपटांची चलती झाली, तेव्हा झालेले काम बाजूला ठेवून तो रंगीत करायचे ठरले. पुढे रुंद पडद्याचे तंत्र आले, तेव्हा तेही स्वीकारले गेले. पन्नाशी ओलांडलेल्या विर्शिंग यांना आयुष्यभराची सवय मोडावी लागली. कृष्णधवल चित्रपटात सावलीची भाषा असते. रंगीत चित्रपटात गुलाबी पडदा, हिरवे काचपात्र, कारंज्यावर पडलेला पिवळा उजेड हे सारे एकाच वेळी बोलू लागतात आणि त्यांतील कोणाला गप्प करायचे हे छायालेखकाला ठरवावे लागते. त्यांनी तेही आत्मसात केले. ‘पाकीजा’तील कोठे, सज्जे आणि दिवाणखाने पाहताना डोळे दिपतात, तरी नायिकेचा चेहरा त्या रंगांत कधी हरवत नाही.

चित्रपट पुरा होण्यापूर्वीच नियती आड आली. १९६४ मध्ये मीना कुमारी आणि कमाल अमरोही विभक्त झाले आणि चित्रीकरण थांबले. दिव्यांखाली उभारलेले ते महाल वर्षानुवर्षे अपुरे पडून राहिले. विर्शिंग वाट पाहत होते, असे म्हणावे लागते. कारण हे काम दुसऱ्या कोणाचे नव्हते. ११ जून १९६७ रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मालाडचा तो स्टुडिओ केव्हाच विसर्जित झाला आहे. त्याच्या जागी लहान कारखान्यांच्या शेडी उभ्या राहिल्या आणि बॉम्बे टॉकीज हे नाव तेवढे पत्त्यात उरले. विर्शिंग यांनी टिपलेली छायाचित्रे मात्र त्यांच्या कुटुंबाने जपली होती. त्यांची संख्या काही हजारांत आहे. त्यांतील निवडक चित्रे २०१७ च्या डिसेंबरमध्ये गोव्यात प्रदर्शनात मांडली गेली आणि २०२३ मध्ये त्यांच्यावर ग्रंथही निघाला. अभ्यासकांना या चित्रांतून १९३०च्या दशकातील स्टुडिओ कसा चालत होता, हे प्रथमच इतके बारकाईने पाहता आले. फळी धरून उभा असलेला मजूर त्यांत आहे. देविका राणी आहेत, तरुण अशोक कुमार आहेत.

‘पाकीजा’चे थांबलेले काम १९६९ मध्ये पुन्हा सुरू झाले. कमाल अमरोही यांनी निरनिराळ्या छायालेखकांना बोलावले आणि प्रत्येकाला आधीच्या चित्रणाशी मेळ राखण्याची अट घातली. त्यांना विर्शिंग यांच्यासारखा उजेड पाडायचा होता. ४ फेब्रुवारी १९७२ रोजी मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात ‘पाकीजा’ प्रदर्शित झाला. दोन महिन्यांच्या आत, ३१ मार्च रोजी मीना कुमारी यांचेही निधन झाले आणि चित्रपट पाहण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. चित्रगृहात अंधार होई, नावे सरकू लागत. छायालेखक म्हणून पडद्यावर जे नाव येई ते जोसेफ विर्शिंग यांचे होते. त्यांना जाऊन तेव्हा साडेचार वर्षांहून अधिक काळ लोटला होता.